मधल्या थराला हात लावायचा नाही

"बोलत नाही फारशी. पण इंग्रजी मॅन्युअल वाचते, म्हणून ठेवलीय."

साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते. त्यांच्या केबिनची भिंत प्लायवूडची होती आणि छतापर्यंत पोचत नव्हती. जळगावातल्या आमच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात कुणाचंच काही खासगी राहत नसे. मी बाहेर बसून तेच मॅन्युअल वाचत होते. वाक्य ऐकलं आणि पान उलटलं.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. धुळ्याची शाळा इंग्रजी, घर मराठी, आजोळी बठ्ठं, म्हणजे सगळंच, अहिराणी. कुठल्या भाषेत तोंड उघडायचं हे ठरेपर्यंत समोरचा पुढे निघून गेलेला असे. मग मी तोंड उघडायचंच सोडलं. लोकांना त्यात नम्रपणा दिसायचा. तो नम्रपणा नव्हता, हे मी तेव्हाही जाणून होते.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ होता. आमचं ऑफिस एकच वस्तू विकायचं: दोन डिस्कची जोडी. मशीन जे काही लिहील ते एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिलं जायचं, म्हणजे एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. हे जमवणारा ड्रायव्हर युनिक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे मशीनच्या पार गाभ्यात, बसवावा लागे. तो थरांचा होता. वरचा थर जोडी सांभाळायचा. मधला थर प्रत्येक डिस्कशी बोलायचा. सगळ्यात खालचा थर डिस्क जोडायच्या कार्डाबरोबर विकत आलेला, त्यात आम्हाला काही करता येत नसे. वरचा थर मी लिहिला होता. मधला साहेबांनी, पुण्यात नोकरीला असताना. त्याच्या जोरावरच त्यांनी इथे येऊन धंदा काढला होता.

आमच्या मोजक्या गिऱ्हाइकांत भडगावजवळच्या एका गावातली केळीवाल्यांची सोसायटी होती. तिथे मशीनमध्ये असायची ती नंबरांची यादी. कुणाच्या बागेची कापणी कुठल्या दिवशी, कुठला ट्रक कुणाच्या बांधावर जाणार. केळी थांबत नाहीत. नंबर चार दिवस मागे पडला तर घड झाडावरच पिकतो आणि पिकलेला घड दिल्लीपर्यंत पोचत नाही. म्हणून त्या गावात नंबर ही फार नाजूक गोष्ट होती. माणसाने काहीही केलेलं खपे, दुसऱ्याचा नंबर मागे सारलेला खपत नसे.

ही यादी आबा सांभाळायचे. साठीच्या आसपासचे, टोपी, पांढरा लेंगा, सोसायटीचे सर्वांत जुने कारकून. मशीन बसवायला गेलो तेव्हा साहेबांनी सगळ्या संचालकांसमोर किल्ली फिरवून एका डिस्कचा खण ओढून काढला आणि डिस्क डोक्यावर धरून दाखवली.

"बघा, एक बैल सोडला तरी गाडी थांबली का?"

पडद्यावर यादी तशीच सरकत होती. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी एकच प्रश्न विचारला होता. डिस्कला ते डबी म्हणत. "काढेल डबी परत लावी तर चाली का?"

"का नाही चालणार आबा? हजारदा लावा."

सहा-सात महिने सगळं ठीक चाललं. मग एका सोमवारी त्यांचा फोन आला की मशीन मेलं. परत चालू केलं तर यादी जुनी दिसते, आणि मध्येच नवी दिसते. फोन येईपर्यंत दोन ट्रक कापून झालेल्या बागेवर जाऊन रिकामे परतले होते. ज्याचा खरा नंबर होता त्या शेतकऱ्याचे तयार घड झाडावरच राहिले होते. आणि त्या गोंधळलेल्या यादीत सगळ्यात वर नाव होतं आबांच्या साडूचं.

मला बसने पाठवलं. सोसायटीत पोचले तेव्हा अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणत, आणि चार-पाच संचालक बसले होते. आबा मशीनपाशी उभे होते. बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मशीनपुढची खुर्ची तर त्यांचीच होती.

"आबा," एक जण म्हणाला, "साडूना नंबर बरा पहिला उना?"

"मशीनले नातंगोतं समजस आते," दुसरा म्हणाला. हसणं झालं. नाना हसले नाहीत. पण त्यांनी कुणाला थांबवलंही नाही.

आबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. ट्रकच्या पावतीची कोरी बाजू होती. मशीन मेलं तेव्हा पडद्यावर जे उरलं होतं ते त्यांनी पेन्सिलीने उतरवलं होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी ते वाचून लिहिलं नव्हतं, चित्र काढावं तसं काढलं होतं. गाभा कोलमडला की मशीन दाखवतं तो पॅनिक हा शब्द, त्यापुढचे मेमरीतल्या जागांचे सोळाच्या हिशोबातले पत्ते, आठ आणि बी यांतला फरक, शून्याच्या पोटातली तिरपी रेघ. शेवटी लुकलुकणारा चौकोनसुद्धा होता, नीट काळा भरलेला.

"हाई काय लिखेल शे माले नही समजत," ते म्हणाले. "जसं दिसनं तसं काढं."

त्या कागदाकडे पाहत असतानाच माझा निर्णय झाला असावा. जो माणूस न समजणारं अक्षरही बदलत नाही, तो नंबर कशाला बदलेल?

मी विचारलं, "आबा, मधे कधी डिस्क काढली होती?"

"दर शनवारे काढस. घर लई जास. सोमवारे परत लावस."

लपवायचा प्रयत्नही नाही. मी का म्हणून विचारलं तर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "एक घरमा दोन्ही वह्या ठेवाव्या नही, पोर."

मग कळलं. फार वर्षांपूर्वी गिरणा नदीचं पाणी सोसायटीत शिरलं होतं. यादीची वही आणि तिची नक्कल एकाच कपाटात होत्या. दोन्ही भिजल्या आणि पंधरा दिवस गावात भांडणं झाली. तेव्हापासून नक्कल दर शनिवारी आबांच्या घरी, उंचावरच्या ट्रंकेत जायची आणि सोमवारी परत यायची. मशीन आलं, दोन वह्यांच्या दोन डिस्क झाल्या. आबांनी रीत तीच ठेवली. डिस्क जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून न्यायचे. एरवी रविवारी यादीत काही चढत नसे, पण हंगाम भरात आल्याने त्या रविवारी पहिल्यांदाच कापणी झाली होती आणि दुसऱ्या कारकुनाने ती मशीनमधल्या एकट्या डिस्कवर चढवली होती.

"घर नेईसन रोटी खावाडी का डबीले?" मघाचाच संचालक म्हणाला.

नाना माझ्याकडे वळले. "ताई, शनिवारी सभा आहे. तुमच्या साहेबांनी लेखी सांगावं, मशीनने केलं का माणसाने. माणसाने केलं असेल तर आबाला घरी बसवायचं. आणि नुसतं घरी बसून भागणार नाही. लोक म्हणतात, नंबर फिरवले."

परतीच्या बसमध्ये दोन्ही डिस्क मांडीवर घेऊन बसले होते. आबांनी त्याही लुगड्यातच बांधून दिल्या होत्या.

साहेबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "झालं तर. त्याने डिस्क काढली. ऑपरेटरची चूक."

"पण डिस्क काढल्यावर मशीन मेलं नाही. परत लावल्यावर मेलं."

माझ्यासाठी हे भाषणच होतं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू वरचा थर बघ. मधल्या थराला हात लावायचा नाही. तो पुण्यात तीन वर्षं चाललाय."

मी मान हलवली. ती होकाराची होती असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात केली. कर्नेलमधली चूक शोधताना प्रोग्राम थांबवून आत डोकावता येत नाही. गाभाच थांबला तर बघणार कोण? एकच साधा उपाय असतो: जागोजागी ओळी घालायच्या, की इथून जाताना सांग, आत काय आलं, बाहेर काय गेलं. पण मशीन मेलं की पडद्यावर शेवटच्या पंचवीस ओळीच उरतात. म्हणून मी ऑफिसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तारेने जोडला आणि कर्नेलचा सगळा बोभाटा कागदावर घेतला. प्रत्येक बदलाला कर्नेल नव्याने बांधायचा, पाऊण तास. त्यात दुपारी वीज जायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दोन वेळा काहीच झालं नाही. डिस्क काढली, दहा मिनिटं थांबले, लावली, मशीन छान चालू. साहेब जाता जाता म्हणाले, "बघ, चालतंय की."

मी त्यांच्यासारखीच चाचणी करत होते, दाखवण्यापुरती. आबांसारखी करत नव्हते. तिसऱ्या वेळी एक डिस्क काढून फळीवर ठेवली आणि सोसायटीच्या त्याच रविवारची अख्खी यादी हाताने मशीनमध्ये चढवली. बोटं दुखली. मग डिस्क लावली आणि यादी उघडली.

पहिलं पान नवं. दुसरं जुनं. तिसरं नवं. पुढच्या काही मिनिटांत मशीन मेलं आणि प्रिंटरने पॅनिक छापलं. मी आबांची पावती शेजारी ठेवली. माझ्या घातलेल्या ओळींमुळे पत्ते थोडे सरकले होते, पण कुठला पत्ता कशाचा हे सांगणाऱ्या कर्नेलच्या नकाशावर लावून पाहिले तर दोन्ही एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच तुकड्यात, पडत होते. फायलींची बांधणी वाचणारं फंक्शन. अर्ध्या जुन्या आणि अर्ध्या नव्या पानांचा मेळ लागेना, म्हणून त्याने हात टेकले होते.

आता प्रश्न एवढाच उरला, की जुनी डिस्क पुन्हा जोडीत आलीच कशी.

इथे माझा स्वतःचा थर आडवा आला. आमच्याकडे व्होल्टेज कोसळलं की एखादी डिस्क क्षणभर उत्तर देत नसे, आणि दर वेळी अर्धा दिवस नक्कल करत बसावं लागे. म्हणून मीच सवलत ठेवली होती: डिस्क रुसली तर बाजूला ठेवायची, दर मिनिटाला हाक मारायची, ओ दिली की परत जोडीत घ्यायची. अट एकच. डिस्क मधे बंद होऊन आलीय असं खालून कळलं, तर आधी दुसरीची पूर्ण नक्कल तिच्यावर करायची, मगच घ्यायची.

कागदावर हाका दिसत होत्या. ओ दिसत होती. बंद होऊन आल्याची खबर कुठेच नव्हती.

मधल्या थराची फाइल त्याच मशीनवर होती, साहेबांच्या जागेत. कर्नेल बांधायला मला सगळ्या मशीनचा पासवर्ड दिलेला होता. फाइलला कुलूप नव्हतं आणि मी मागायलाही गेले नाही. सरळ उघडली. वाचताना मला अजिबात चोरी केल्यासारखं वाटलं नाही.

सापडायला फार वेळ लागला नाही. वीज जाऊन आलेली डिस्क पहिल्याच हाकेला काम करत नाही. आधी सांगते, मी नव्याने सुरू झालेय. मधला थर हे ऐकत होता. ऐकून तीच हाक पुन्हा मारत होता. दुसऱ्यांदा डिस्क ठीक उत्तर द्यायची, आणि मधला थर वर कळवायचा: शून्य, सगळं ठीक. शेजारी साहेबांनी इंग्रजीत शेरा लिहिला होता, की हे निरुपद्रवी आहे, वर कळवायची गरज नाही. एकट्या डिस्कसाठी ते खरंही होतं. जोडीसाठी नव्हतं.

मी त्या जागी एक छापायची ओळ घातली आणि सगळं पुन्हा केलं. प्रिंटरने ती ओळ छापली, लगेच खाली शून्य. त्या कागदावर मी लाल रेघ ओढली. मग माझ्या थरातल्या ओळीवरही ओढली. मी खालच्याच्या शब्दावर विसंबले होते आणि तो शब्द येतो की नाही हे एकदाही तपासलं नव्हतं. दर लिखाणागणिक दोन्ही डिस्कवर एक-एक आकडा वाढवत ठेवला असता, तरी कोणती मागे पडलीय ते मला खालच्याला न विचारता कळलं असतं. ते सुचायला आबांवर आळ यावा लागला.

कागद साहेबांच्या टेबलावर पसरला. त्यांनी बराच वेळ वाचला. वाईट माणूस नव्हते ते, आणि मूर्ख तर नव्हतेच. लाल रेघेवर बोट ठेवून हळू म्हणाले, "बरोबर आहे."

मग म्हणाले, "फाइल कुणी उघडायला सांगितली होती?"

"कुणी नाही."

"ठीक आहे. दुरुस्त करू. गुपचूप सगळीकडे नवीन कर्नेल घालून येऊ. पण हे बाहेर जाणार नाही. बाकीची गिऱ्हाइकं उद्या मशीन परत आणून टाकतील."

"आणि आबा?"

"त्यांनी डिस्क घरी न्यायला आपण सांगितलं होतं का?"

"हजारदा लावा म्हणाला होतात."

त्यांनी प्रिंटरचा कागद बाजूला सारला. मी त्यांच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. मग त्यांनी पत्र सांगायला सुरुवात केली आणि मी ते इंग्रजीत टाइप केलं. सूचनांविरुद्ध ऑपरेटरने डिस्क बाहेर नेली, त्यामुळे नोंदी बिघडल्या, यंत्रणेत दोष नाही. खोटंच, पण कायद्याने धरता येऊ नये अशा गुळगुळीत भाषेत. आबांनी नंबर फिरवले की नाही याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. गावाला तेवढंच ऐकायचं होतं, आणि ते नाही म्हणजे आबांनीच फिरवले असं गाव समजणार होतं.

"शनिवारी तूच वाच," साहेब म्हणाले. "मुलीने वाचलं की लोक भांडत नाहीत. मराठीत सांगत सांगत वाच."

शुक्रवारी धुळ्याला घरी गेले. आईला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "तुला कुणी विचारलं नाही तर आपण होऊन कशाला सांगायचं? नोकरी काय रोज मिळते?" ती माझ्या बाजूने बोलत होती हे मला कळत होतं, आणि ती बाजू मला नको होती.

सभा सोसायटीच्या ओसरीत दुपारी भरली. सतरंजीवर साठ-सत्तर माणसं. ज्याचे घड पिकले होते तो शेतकरी सगळ्यांत पुढे. साहेब नानांच्या शेजारी खुर्चीवर. आबा पार मागे, दाराच्या चौकटीला टेकून. ऑफिसच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी आधीच नानांच्या पुढ्यात आणून ठेवला होता. मला ते पाहून राग आला. आबांचाही आला. माणसाने इतक्या लवकर किल्ल्या ठेवू नयेत.

"कंपनीच्या ताई पत्र वाचतील," नाना म्हणाले.

मी उभी राहिले. एका हातात पत्र, दुसऱ्यात प्रिंटरच्या कागदाची घडी. साहेबांनी मान हलवून खूण केली.

"जोरमा वाच, पोर," मागून कुणीतरी म्हणालं. "बठ्ठासले ऐकू येवाले पाहिजे."

पत्राची पहिली ओळ माझ्यासमोर होती. इंग्रजी चांगलं होतं, माझंच होतं. मी ते दुमडलं. पुढे बसलेल्या त्या शेतकऱ्याने विचारलं, "मंग चूक कोनी शे? एवढंच सांग."

साहेब खुर्चीत पुढे झाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आमची," मी म्हणाले. "आबांनी एकही नंबर फिरवलेला नाही. डिस्क काढून परत लावली तर चालायलाच पाहिजे होती. चालली नाही, कारण ड्रायव्हरचा मधला थर साहेबांनी चुकीचा लिहिलाय आणि वरचा मी. हा त्याचा कागद. ज्याला बघायचाय त्याने पुढे या, ओळ दाखवते. आणि माझ्या हातातलं हे पत्र खोटं आहे, ते मी वाचणार नाही."